झिजलेलं गेज

माने हवालदार गेल्या थंडीत गेले. कुपवाडच्या आमच्या ऑफिसात त्यांची खुर्ची अजून तशीच आहे. तिच्यावर हल्ली कुरिअरची पाकिटं ठेवतात आणि मी रोज सकाळी ती उचलून दुसरीकडे ठेवते. आमच्या मालकांना, शिरीषभाऊंना, मध्यंतरी वाटलं होतं की एक चाक मोडलेली खुर्ची कशाला जागा अडवतेय, देऊन टाकू. मी त्यांच्याकडे असं बघितलं की तो विषय तिथंच संपला.

लिहिणं हा माझा धंदा नाही. रेघा मारणं हा आहे. वीस वर्षं मी कॉम्प्युटरवर यंत्रांच्या भागांची ड्रॉइंगं काढतेय. पंप, गिअर, साखर कारखान्यांचे रोलर, जे येईल ते. खाली शिरीषभाऊंचं वर्कशॉप, बाहेरून लोखंडी जिना, आणि वर तीन कॉम्प्युटरचं आमचं ऑफिस. तिथं माणसांबद्दल लिहायची वेळ कधी आली नव्हती. पण एका ड्रॉइंगवर हवालदारांच्या नावाशेजारी माझी सही आहे, आणि ती मी करायला हवी होती का, हे मला अजून ठरवता येत नाही. म्हणून हा उद्योग.

हवालदार आमच्याकडे आले ते वॉचमन म्हणून. कडेगावजवळच्या एका खेड्यातले. घरचा ऊस भाऊ बघायचा, हे चोवीस वर्षं फौजेत. तिथं ते आर्मोरर होते, म्हणजे पलटणीच्या बंदुका तपासणारे आणि दुरुस्त करणारे. बुटके, रुंद, कपाळावर जुन्या भाजल्याचा डाग. शर्टाच्या खिशात एक छोटी डायरी, तिला रबर लावलेलं. त्यांच्या गावाकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला लोक सुभेदार म्हणून टाकतात, आणि तोही खुशाल म्हणवून घेतो. आम्हीही सुरुवातीला "सुभेदार" म्हणायचो. ते दर वेळी दुरुस्त करायचे.

"हवालदार. सुभेदार न्हाई. हाय त्यापेक्षा एक सूत जास्त सांगू नये माणसानं."

पहिल्या महिन्यात आम्हाला वाटलं, म्हातारा जरा चक्रम आहे. तसे ते थोडे होतेच.

त्या वेळी आमच्याकडे साताऱ्याच्या एका संग्रहालयाचं काम आलं होतं. त्यांच्याकडच्या जुन्या बंदुकांच्या एकेका भागाचं मापात बरोबर ड्रॉइंग करून द्यायचं होतं. त्यावरून लाकडाच्या, पोट उघडून आत दाखवणाऱ्या प्रतिकृती करून पोरांना बघायला ठेवणार होते. बंदुकीचं काम मी जन्मात केलं नव्हतं. पण धातूचा तुकडा तो धातूचा तुकडा, असं म्हणून मी साताऱ्याला जाऊन मापं घेतली, फोटो काढले आणि ड्रॉइंगं करायला लागले. एक दिवस त्यातली एक प्रिंट घेऊन मी स्कूटरकडे चालले होते, तर फाटकाशी बसलेले माने उठून उभे राहिले.

"ताई, ह्ये बंदुकीच्या चापाचं हाय नव्हं?"

मला आश्चर्य वाटलं. मी म्हटलं, हो.

"मग ही कड गोल कशी काढली?"

"गोल आहे म्हणून. मी स्वतः मोजलीय."

"मोजली असंल. आज गोल हाय. पण घडवणाऱ्यानं चौकोनी केली हुती. शेकडो लोकांच्या बोटांनी गोल झालीया ती." मग प्रिंट माझ्या हातात परत देत म्हणाले, "तुमी माणसाचं म्हातारपण काढलंय, ताई. माणूस न्हाई काढला."

खरं सांगते, मला राग आला. वॉचमननं मला शिकवायचं! पण घरी जाऊन फोटो पुन्हा पाहिले. ज्या कोपऱ्यापर्यंत बोट पोचत नाही, तिथं ती कड अजून चौकोनी होती. आमच्या धंद्यात ही चूक सगळे करतात. जुना भाग हातात येतो, मापं बिनचूक घेतो, आणि झीज म्हणजेच घडण समजून इमानदारीनं कागदावर उतरवतो. मग तोच भाग नवा बनवला की तो बसत नाही, आणि आपण मशीनवाल्याला शिव्या घालतो.

दुसऱ्या दिवशी मीच शिरीषभाऊंना सांगितलं, या माणसाला वर घ्या. शिरीषभाऊ म्हणाले, "अहो, त्यांना माउस तरी धरता येईल का?"

नव्हताच येत. सत्तावन्नाव्या वर्षी त्यांनी माउस धरला तो चिमणीचं पिल्लू धरावं तसा. क्लिक करायच्या आधी श्वास रोखायचे. मी हसले तर म्हणाले, "सवय हाय. बोट दाबायच्या आधी श्वास थांबतो आमचा." पण तीन महिन्यांत ते माझ्यापेक्षा हळू, आणि माझ्यापेक्षा बरोबर काम करायला लागले. प्रत्येक भागाची ते दोन ड्रॉइंगं काढायचे. एक आज आहे तसं, आणि एक जन्माला आलं तेव्हा असेल तसं. साताऱ्याच्या लोकांनी एकच मागितलं होतं. शिरीषभाऊ डोक्याला हात लावायचे. पण संग्रहालयातल्या बाईंनी ती दोन-दोन ड्रॉइंगं शेजारी ठेवून पाहिली आणि पुढचं सगळं काम तसंच मागवलं, तेव्हा शिरीषभाऊ जो भेटेल त्याला सांगायला लागले की ही कल्पना त्यांचीच.

माप घेणं हे हवालदारांचं व्रत होतं. हात धुवायचे, पुसायचे, व्हर्नियर बंद करून आधी शून्य दिसतंय का ते बघायचे, मग एकच माप तीन वेळा घ्यायचे. तिन्ही वेळा मोठ्यांदा आकडा म्हणायचे. दोन आकडे जुळले आणि तिसरा नाही, तर पुन्हा हात धुण्यापासून सुरुवात. एकदा खंडेनवमीला शिरीषभाऊ वर्कशॉपमधल्या सगळ्या हत्यारांना हळदकुंकू लावत वर आले. कॉम्प्युटरला लावलं, माउसला लावलं, आणि व्हर्नियरकडे वळले, तर हवालदारांनी त्यावर चक्क हात ठेवला.

"साहेब, कुंकू डबीला लावा. ह्येला नगं. जबड्यात एक कण अडकला की वरीसभर खोटं बोलंल ते."

"अहो हवालदार, देवाचं आहे."

"देवाचं हाय म्हणूनच म्हणतो. खोटं बोलणारं हत्यार देवाम्होरं ठेवू नये."

शिरीषभाऊंनी मुकाट्यानं डबीला कुंकू लावलं. सगळे हसले, मीही हसले. हवालदार मात्र त्या दिवशी जेवले नाहीत. ते प्रसादाचा पेढाही खिशात ठेवून घरी घेऊन गेले. का, ते मला तेव्हा समजलं नाही. दर खंडेनवमीला ते उपाशी असायचे, हे त्यांच्या बायकोकडून नंतर कळलं.

बंदुकांची ड्रॉइंगं करतो म्हटल्यावर नको ती माणसंही वास काढत येतात. एक दिवस पांढरी गाडी खाली थांबली. गळ्यात साखळी, हातात दोन मोबाईल, असा एक तरुण वर आला. त्याच्याकडे कसल्याशा पिस्तुलाचे फोटो होते. म्हणाला, भागांची ड्रॉइंगं पाहिजेत, लागेल ते घ्या. नाही म्हणायचं शिरीषभाऊंच्या मनात होतं, पण अशा माणसाला नाही म्हणायला जीभ उचलत नव्हती. हवालदारांनी त्याला स्वतःची खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, "लायसन हाय? फॅक्टरीचं म्हणतो मी."

"बनवायचंय कुठं काका? नुसता कागद पायजे. कागदानं काय हुतंय?"

"कागदाचीच भीती हाय, गड्या. एक बंदूक एकाच्याच हातात ऱ्हाती. कागद किती जणांच्या हातात गेला, ते कोण बगतंय? चहा घे, गार हुतोय."

त्यानं चहा घेतला नाही. जाताना जिन्यावरून काहीतरी बोलला, ते इथं लिहिण्यासारखं नाही. हवालदारांनी कुपवाडच्या चौकीत जाऊन जे झालं ते सांगितलं, आणि पुढचे आठ दिवस ते तासभर आधी येऊन पूर्वीसारखे फाटकाशी स्टूल टाकून बसत होते. कुणी त्यांना बसा म्हटलं नव्हतं. आठव्या दिवशी मी लवकर गेले आणि म्हटलं, "हवालदार, पुरे आता. तो काय परत येत नाही." ते उठले नाहीत. म्हणाले, "ताई, मला बंदुकीनं माणूस मेलेला बगायची भीती न्हाई. माझ्या ओकेनं माणूस मोडलेला बगितलाय, त्येची हाय."

मग त्यांनी मला सिदूचं सांगितलं.

सिदू आटपाडीकडचा. धनगराचा मुलगा, विसाव्या वर्षी पलटणीत आला. एकदा दुसऱ्या दिवशी फायरिंग होतं आणि हवालदारांना साठ रायफली तपासायच्या होत्या. बंदुकीच्या आत जिथं काडतूस बसतं तिथली फट ठरलेल्या मर्यादेत आहे का, हे बघायला पोलादाचा एक छोटा तुकडा असतो. त्याला गेज म्हणतात. गेज आत घालायचं. ते आत असताना बोल्ट, म्हणजे मागून बंद होणारा दांडा, पूर्ण बंद झाला पाहिजे. नाही झाला, तर जागा आखूड, रायफल नापास. पण गेजही पोलादच. ते हजार वेळा घालून काढून झिजतं, मग आखूड जागेतही बसतं, म्हणून त्याचीही तपासणी ठरलेल्या मुदतीत करून आणावी लागते. हवालदारांच्या गेजची मुदत उलटून गेली होती. पाठवलं असतं तर आठ दिवस गेले असते आणि फायरिंग पुढं गेलं असतं. त्यांनी म्हटलं, एकदा चालतंय. साठ रायफली ओके केल्या. एकोणसाठ ओके निघाल्या. साठावी सिदूच्या तोंडाजवळ फुटली. त्याचा उजवा डोळा गेला.

"चौकशीत साहेबानं इचारलं, गेज ओके हुतं का. मी म्हणलं, ओके साब. कागुद काढला त्यांनी, काडतूस खराब. माझ्या नावाला डाग न्हाई."

"मग काडतूसच खराब असेल."

"असंल. पण चौकशीवाले यायच्या आदी मी त्या रायफलीची आणि गेजची मापं घेतली हुती." त्यांनी खिशातली डायरी काढली, रबर काढलं, आणि एक पान उघडून माझ्यासमोर धरलं. पेन्सिलीचे आकडे, एकेक तीनदा लिहिलेले. "बावीस वर्सं झाली. गेज झिजलेलं असलं की जग सगळं ओके दिसतं, ताई. माझं ओके खरं हुतं का खोटं, एवढंच मला बगायचं हाय. मरायच्या आदी."

मी विचारलं, मग इतकी वर्षं हिशोब का नाही केला? कागदावरचं गणित तर आहे.

"सतरा डाव केलं. त्या जागा तिरक्या, एकात एक बसणाऱ्या. कुठं काय धरायचं ते माझ्याच हातात. मला जे उत्तर पायजे असायचं तेच यायचं." त्यांनी वरच्या मजल्याकडे बोट केलं. "त्या डब्याला माझी दया येत न्हाई. म्हणून तर ह्या वयात शिकलो."

मग मला कळलं की रोज जेवणाच्या सुट्टीत ते कसली फाइल उघडून बसतात. पूर्ण बंदूक काढायची त्यांना गरज नव्हती. एकमेकांना टेकणाऱ्या चार-पाच पृष्ठभागांपुरतंच ते चित्र होतं, पण त्यावर त्यांनी सव्वा वर्ष घालवलं. डबा एका हातानं खायचे आणि दुसऱ्या हातानं एक रेघ हलवायचे, मग पुन्हा जागेवर आणायचे. पावसाळ्यात एक दिवस प्रिंट काढून माझ्या टेबलावर ठेवली. खाली कोपऱ्यात, ड्रॉइंग कुणी काढलं त्या चौकटीत त्यांचं नाव. शेजारची तपासणाऱ्याची चौकट रिकामी.

"ज्यानं काढलं त्यानं तपासायचं न्हाई," ते म्हणाले. "माझं मी बगून बगून माझे डोळेच गेज झाल्यात. तुमी तपासा. सही करा न्हाईतर चूक दावा."

मी दोन दिवस घेतले. डायरीतला एकेक आकडा लावून पाहिला, एकेक कोन पाहिला. देवाशपथ सांगते, मी चूक शोधत होते. एक तरी चूक सापडावी आणि म्हणावं, हवालदार, हे इथं गफलत झालीय, काही ठरवता येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तर मी एक कोन अगदी किंचित फिरवून पाहिला. तेवढ्यानं सगळं मर्यादेत बसत होतं. कुणाला कळलं नसतं. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला असता आणि खंडेनवमीला पेढा खाल्ला असता.

कोन मी परत होता तिथं आणला. ड्रॉइंगमध्ये एकही चूक नव्हती. वीस वर्षांत इतकं स्वच्छ काम मी पाहिलेलं नाही. त्या फटीत झिजलेलं गेज ठेवलं की रायफल पास होत होती. मुळातलं गेज ठेवलं की नापास. मी सही केली.

त्यांनी आधी सही पाहिली, मग माझ्याकडे.

"निकाल?"

"बसत नाही, हवालदार."

"कितीनं?"

मी आकडा सांगितला. केसाच्या जाडीहून कमी भरेल. मी घाईनं पुढं म्हटलं की तरी काडतूसही खराब असू शकतं, यावरून रायफल कशानं फुटली ते सिद्ध होत नाही.

"व्हय. ते न्हाई हुत," ते म्हणाले. "पण माझं ओके खोटं हुतं. बरं."

उठून पाणी प्यायला गेले. पेला नळाखाली धरून उभे राहिले. पेला भरला, वरून वाहायला लागला, मनगटावरून बाहीत पाणी गेलं, तरी ते तसेच उभे. शेवटी मी जाऊन नळ बंद केला.

पुढच्या रविवारी आम्ही आटपाडीला गेलो. गाडी मी चालवली. विट्यापर्यंत ऊस दिसत होता, तोवर ते ह्या शेताचं त्या शेताचं काहीबाही बोलत होते. पुढं माळ सुरू झाला आणि त्यांनी काच वर केली. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली प्रिंट. दवाखान्यात भेटल्यानंतर सिदूचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. दर दिवाळीला त्याचं पत्र यायचं, मग पुढं फोन यायला लागला. हे काहीतरी कारण सांगून लवकर ठेवायचे.

सिदूची डाळिंबाची बाग होती. घरासमोर शेड, शेडमध्ये क्रेट. गाडीतून कोण उतरलं ते त्यानं मान पूर्ण वळवून, डाव्या डोळ्यानं पाहिलं आणि धावत आला. "उस्ताद! आवं, सांगून तर यायचं!" फौजेत आर्मोररला उस्ताद म्हणतात. त्यानं हवालदारांचे पाय धरले. हवालदार दोन पावलं मागं सरले. बाजेवर बसवलं, पाणी दिलं, बायकोला हाक मारली, पोरं काय शिकतात ते सांगितलं. इतका आनंद झालेला माणूस मी क्वचितच पाहिलाय. आणि त्या आनंदातच हवालदारांनी बाजेवर प्रिंट पसरली.

त्यांनी काही लपवलं नाही. मुदत उलटलेलं गेज, "ओके साब", डायरी, सगळं सांगितलं. सिदू प्रिंटकडे बघत होता. चहा आला, तसाच राहिला.

"उस्ताद," शेवटी तो म्हणाला, "ह्ये मला कशापायी सांगताय?"

"खरं हाय म्हणून."

"खरं तुमचं हाय. मी काय करू ह्येचं?" त्याचा आवाज चढला नव्हता. "बावीस वर्सं मी म्हणतोय, सिद्धनाथाची मर्जी. काडतूस खराब निघालं, कुणाचा दोष न्हाई. त्येच्यावर लगीन केलं, पोरं वाढवली, बाग लावली. आता डोळा ठणकला की कुणाचं नाव घेऊ? तुमचं घेऊ?"

"घे."

"मला न्हाई घ्यायचं! तुमी दोन राती माझ्या खाटंशेजारी बसला हुता. माझ्या आईला पत्र तुमी लिव्हलं. मी पोरास्नी सांगतो, माणूस असावा तर आमच्या उस्तादासारखा." त्यानं प्रिंट गुंडाळली, नीट, कड जुळवून, आणि हवालदारांच्या हातात दिली. "तुमचं वझं हुतं, ते माझ्या दारात आणून टाकलं. कागुद घिऊन जावा."

तो उठून बागेत गेला. त्याच्या बायकोनं जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. बिचारीला काय झालं ते धड कळलंही नव्हतं. हवालदारांनी पानातलं सगळं संपवलं, भाकरीचा तुकडाही टाकला नाही. टाकलं असतं तर त्या घराचा अपमान झाला असता. सिदू परत आला नाही.

विट्याच्या अलीकडे त्यांनी विचारलं, "ताई, चुकलो का मी?"

खोटी फट दाखवणाऱ्या गेजवर एक माणूस बावीस वर्षं सुखानं उभा होता आणि आम्ही दोघांनी ते त्याच्या पायाखालून काढून घेतलं, असं कधी वाटतं. कधी वाटतं, हवालदारांना दुसरा रस्ता नव्हता. त्या दिवशी मी नुसती गाडी चालवत राहिले.

"आदी एक चूक हुती," ते खिडकीकडे बघत म्हणाले. "आता दोन झाल्या."

त्यानंतर ते खचले. काम बिनचूकच करायचे, पण आकडे मोठ्यांदा म्हणेनासे झाले. जिना चढून आले की पाच मिनिटं दम खात बसायचे. मी डॉक्टरकडे जा म्हटलं की मान हलवायचे. जेवणाच्या सुट्टीत ती फाइल मात्र रोज उघडायचे. काही बदलायचे नाहीत. डबा तसाच बंद, आणि ते त्या फटीकडे बघत बसलेले. मी एकदा रागावून म्हटलं, "पुसून टाका ती फाइल. काय मिळतं रोज बघून?" ते नुसते हसले.

दोन महिन्यांनी, एका शनिवारी, खालच्या वर्कशॉपमधला एक कामगार कुणाला तरी वाट दाखवत जिन्यानं वर घेऊन आला. सिदू होता. एस.टी.नं आला होता. हवालदार उठून उभे राहिले, ते सावधानमध्येच.

"दावा मला," सिदू म्हणाला. "कागुद नगं. ह्येच्यावर दावा."

फाइल मी उघडून दिली आणि बाजूला झाले. हवालदारांनी एकेक भाग दाखवला. हा बोल्ट. ही काडतुसाची जागा. ही फट. सिदूनं खुर्ची ओढून चेहरा पडद्याच्या अगदी जवळ नेला. मग त्या दोन रेघांच्या मध्ये बोट ठेवलं. बोटाखाली फट दिसेनाशी झाली.

"एवढंच?"

"एवढंच."

खाली लेथ चालू होती. कुणीतरी लोखंड कापत होतं, त्याचा आवाज येत राहिला. हवालदारांनी काही बोलायला तोंड उघडलं, तर सिदूनं हात वर केला.

"माफी मागू नका, उस्ताद. ती माझ्यापाशी न्हाई. असती तर तवाच दिली असती, दारात."

"मग आलास कशाला रं एवढ्या लांब?"

"तुमी एकलेच बगत बसला असशीला म्हणून." तो पडद्याकडेच बघत होता. "रोज बगता का?"

"रोज."

"मला ठाव हुतं. आता दोगांनी बगितलं." मग त्यानं पडद्यावरचं बोट काढलं. "बंद करा ते."

हवालदारांनी फाइल बंद केली. मी चहा सांगते म्हटलं, पण सिदूला गाडी गाठायची होती. दारात जाऊन तो थांबला. आमचा जिना जाळीच्या पायऱ्यांचा, त्यातून खालची जमीन दिसते. दोन डोळ्यांच्या माणसालाही पहिल्यांदा भीती वाटते.

"चढायला जमतं," तो म्हणाला. "उतरताना पायरी किती खोल हाय ते एका डोळ्याला कळत न्हाई. म्होरं व्हा जरा, उस्ताद."

तो शनिवार. सोमवारी सकाळी हवालदारांच्या मुलाचा फोन आला, झोपेतच गेले. मी त्यांच्या गावी गेले, सगळं पाहिलं. पण मला ते आठवत नाही. आठवतात ते शनिवारचे, जिन्यावरचे. हवालदार एक पायरी उतरले आणि मागं न बघता उभे राहिले. सिदूचा हात हवेत थोडा चाचपडला आणि त्यांच्या खांद्यावर टेकला. दुसरी पायरी. पुन्हा थांबले, मागचा पाय टेकेपर्यंत. जिना संपला, सपाट फरशी आली, सिदूनं हात काढून घेतला. हवालदारांना ते कळलं नाही. ते तसेच, एक पाऊल टाकून थांबत, एक पाऊल टाकून थांबत, फाटकापर्यंत चालत गेले.